आमचा वझर रीलवर गेला, त्याला आता पाचवा पावसाळा

खाचरातला

गावाचं नाव लिहिणार नाहीये, का ते पुढे कळेलच. ताम्हिणी घाटाच्या कोकणाकडच्या अंगाला आमचं गाव, पन्नास-साठ घरं, एकच डांबरी रस्ता आणि तोही एका गाडीपुरता, समोरून एसटी आली की दुचाकीवाल्यानेसुद्धा गवतात उतरायचं. गावामागे कड्यावरून पाणी पडतं, त्याला आमच्याकडे वझर म्हणतात, नुसतं वझर. धबधबा हा शब्द आजीच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "वझराला आवाज लागला" असं ती म्हणायची, म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस धरलाय, गुरं ओढ्यापलीकडे नेऊ नका. घरात बसून नुसत्या आवाजावरून ती ओढ्याला पाणी किती आलं असेल ते सांगायची.

२०२१ च्या पावसाळ्यात पुण्याची चार मुलं ड्रोन घेऊन आली. आमच्याच ओटीवर जेवली, चांगली मुलं होती, आईने तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी दिली, पैसे घेतले नाहीत. आठवड्याभराने चुलतभावाने मोबाईल समोर धरला, त्यात आमचा वझर, वरून घेतलेला, मागे गाणं, खाली लिहिलेलं की मुंबई-पुण्यापासून फक्त तीन तासांवर, कुणालाच माहीत नसलेला धबधबा. केवढा आनंद झाला होता, मी स्वतः तो व्हिडिओ सगळ्या नातेवाईकांना पाठवला. पुढच्या रविवारी ११ गाड्या आल्या. मोजल्या कारण तोपर्यंत रविवारी गाडी आली म्हणजे कुणाकडे तरी पाहुणे असायचे. यंदा जुलैच्या दुसऱ्या रविवारी ३४० पर्यंत मोजल्या आणि मग सोडून दिलं.

आता त्या रविवारचं सांगतो. भाताची लावणी चालू होती. रस्त्याकडेला जागा मिळेना म्हणून कुणीतरी जीपगाडी सरळ आमच्या शेजारच्यांच्या बांधावर चढवली आणि बांध दबून फुटला. ज्यांना भातशेती माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, खाचरात पाणी कोंडून चिखलणी केलेली असते, बांध फुटला की ते पाणी चिखलासकट खाली वाहून जातं, मग परत पाऊस लागून खाचर भरेपर्यंत हातावर हात, आणि तोवर उपटून ठेवलेलं आवण, म्हणजे लावायची भाताची रोपं, पिवळं पडायला लागतं. म्हणून शेजारच्या काकू लगेच बांध सावरायला गेल्या, आणि दगड उचलताना त्यांना फुरसं चावलं.

दुपारचे पावणेदोन. जीप काढली, वस्तीबाहेर पडलो आणि पुढे रस्ताच नाही, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या आणि मधे समोरासमोर अडकलेल्या गाड्या. हॉर्न वाजवून उपयोग काय, लावलेल्या गाड्यांत माणसंच नाहीत, सगळी वर वझराला. चाळीस मिनिटं तिथेच गेली. शेवटी खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी अडीच किलोमीटर फाट्यापर्यंत काकूंना खांद्यावर नेलं. काकू वाटेत एकच विचारत होत्या, आवण सावलीत ठेवलं का. फाट्यावर एका पर्यटकानेच स्वतःच्या गाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवलं, त्या माणसाचे उपकार कधी फिटणार नाहीत, नाव विचारायचंही राहिलं. प्रतिविष वेळेत मिळालं, काकू वाचल्या. पाय मांडीपर्यंत सुजलाय.

येत्या शनिवारी ग्रामसभा आहे. काय मागायचं, काय ठरवायचं, हे कुणी अनुभवातून सांगू शकेल का? नुसता संताप नको, तो आमच्याकडे पुष्कळ आहे.

पावसाळी_भटका

वाचून सुन्न झालो. काकूंना लवकर आराम पडो.

मी वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय आणि हे सगळं डोळ्यांसमोर बदललेलं आहे. देवकुंड धबधब्याला आम्ही भिऱ्याहून जायचो तेव्हा वाट विचारायला माणूस भेटायचा नाही, धरणाच्या कडेकडेने तासभर जंगलातून चालायचं आणि मग कुंडलिका जिथे उगम पावते ते निळसर कुंड. आता तिथे बुडून इतके जीव गेलेत की पावसाळा आला की प्रशासनाला बंदीचा आदेश काढावा लागतो. हरिहर गडाचंही तेच. कातळात खोदलेला तो उभा जिना, खोबणीत बोटं रुतवून चढायचा, एका वेळी एक जण जेमतेम मावतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर वरून खाली आणि खालून वर अशा दोन रांगा एकमेकींत अडकतात. फोटोत जिना दिसतो, पायरीवर अर्धा तास तसंच लटकून थांबणं दिसत नाही.

पूर्वी जागा कळायची ती कुणाच्या तरी बरोबर गेल्यावर. तो माणूसच सांगायचा, इथे चप्पल काढ, इथे आरडाओरडा नको, मधमाश्या आहेत, पाटलांना विचारल्याशिवाय विहिरीचं पाणी काढू नकोस. जागेसोबत रीत पण यायची. आता जागा तेवढी येते.

नवी_वाट

खूप वाईट झालं. पण दादा, तालुका तरी सांगा ना, म्हणजे आम्ही रविवार टाळून मधल्या वारी येऊ, कचरा अजिबात करणार नाही.

खाचरातला

राग मानू नका, नाही सांगत. तुम्ही याल आणि नीट वागाल यावर माझा विश्वास आहे. पण इथे लिहिलेलं तुमच्यापाशीच थांबणार नाही.

भिंगरी

मी रील्स करते म्हणून मला इथे लिहायला हवं. माझे फॉलोअर फार नाहीत, पण २०२२ मध्ये एका छोट्या धबधब्याच्या रीलला लाखांवर व्ह्यूज गेले आणि पुढच्या वर्षी मी परत गेले तर मला जागा ओळखू येईना. खडकावर रंगाने नावं, प्लास्टिकचे ग्लास, झऱ्याच्या तोंडाशी बाळाचे डायपर. मी तिथे बसून रडले होते, खरंच.

हे कसं होतं ते सांगते, कारण ग्रामसभेत कुणीतरी म्हणेल की एखाद्या व्हिडिओने काय होतंय. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवातच भारतातून केली. म्हणजे लोक लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले आणि हातात हे. जुन्या फोटोंचं असं होतं की ते मुख्यतः आपल्या ओळखीच्यांना दिसायचे. रील आपल्याला न ओळखणाऱ्यांना दाखवली जाते, आधी थोड्यांना, त्यांनी शेवटपर्यंत बघितली, सेव्ह केली, मित्राला पाठवली की अजून जास्त लोकांना. आणि जागेच्या रील्स लोक हमखास पाठवतात, "चल ना रविवारी" म्हणून. त्यामुळे नाचगाण्यापेक्षा धबधबा लवकर पसरतो.

अजून एक, लोकेशन न टाकल्याने थांबतं असं मला वाटायचं, तसं नाही होत. लोकेशन नाही टाकलं की शेकडो जण कमेंटमध्ये तेच विचारतात आणि त्या कमेंटींमुळे रील अजून वर जाते, काही जण तर मुद्दाम तसं करतात, कमेंट करा म्हणजे मेसेजमध्ये पाठवतो म्हणून सांगतात. शेवटी कुणीतरी मागचा डोंगर ओळखतो आणि सांगून टाकतो.

आणि आम्ही शूट करतो पहाटे सहाला, मधल्या वारी, माणूस फ्रेममध्ये येणार नाही असं. रंग हिरवे करतो. तेच क्लिप्स लोक उचलून दर जूनला नव्या गाण्यावर टाकतात. म्हणजे तुमच्या गावात आज येणारा माणूस २०२१ चा रिकामा वझर बघून निघालेला असतो.

मी माझी ती रील काढून टाकली, पण तोवर ती दुसऱ्यांच्या पेजवर गेली होती, ती माझ्या हातात नाही राहिली. आता मी ज्या गावात जाते तिथे आधी विचारते, हे दाखवलेलं तुम्हाला चालेल का. दोन गावांनी नको म्हटलं, नाही टाकलं.

दोरखंड

बचाव पथकात स्वयंसेवक आहे, पावसाळ्यातला एकही रविवार घरी नसतो.

ग्रामसभेत पाण्याचं नक्की मांडा. पर्यटक खाली उभा असतो, त्याच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस पडत असतो वर घाटमाथ्यावर. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पाला, काटक्या वाहून यायला लागल्या आणि आवाज जड झाला की हातात फार तर दोन-चार मिनिटं असतात. तुमच्या आजी जे सांगायच्या तेच हे. ज्याला हे माहीत आहे तो गावातला माणूस त्या गर्दीत कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार, वर गाण्यांचे स्पीकर.

३० जून २०२४, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं. एकमेकांना मिठी मारून प्रवाहाच्या मधोमध उभे आहेत तो व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्राने बघितला. त्याच वर्षी जुलैत माणगावजवळ कुंभ्याला रील करायला आलेली एक तरुण मुलगी दरीत सुमारे ३०० फूट खाली गेली. पावसात, निसरड्या कड्यावरून तिला वर काढायला तासन् तास लागले, वर आणली तेव्हा जीव होता, मग रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. कुंभे काय होतं आधी, अर्धवट राहिलेल्या वीजप्रकल्पाचा बोगदा आणि त्याच्यापलीकडे धबधबा, तिथे गुराखी सोडून कुणी जात नव्हतं.

आणि १५ जून २०२५, कुंडमळा, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल. धोकादायक म्हणून पाटी लावलेला. रविवार दुपार, पुलावर शंभरावर माणसं आणि दुचाक्या, पूल पडला, चार जण गेले आणि कितीतरी जखमी. तो पूल गावकऱ्यांच्या येण्याजाण्याचा होता, एवढं वजन त्याने कधी झेलायचंच नव्हतं. तुमच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, असेल तर त्यावर एका वेळी किती माणसं हे आजच ठरवा आणि दोन पोरं तिथे उभी करा, पाटीवर विसंबू नका.

बंदीचे आदेश निघतात, आधी कलम १४४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लावतात. पण पोलीस नाक्यावर दोन माणसं आणि समोर पाचशे गाड्या, काय करतील ते तरी. मुख्य रस्ता अडवला की लोक मॅपवर दुसरी पायवाट शोधतात, आणि आम्हाला माणसं सापडतात ती त्या दुसऱ्या वाटेवर.

फाट्यावरचा

मी दुसरी बाजू मांडतो, कृपया समजून घ्या. मी भंडारदऱ्याकडचा, बारावीनंतर भिवंडीला गोदामात हमालीच करत होतो. काजव्यांचे व्हिडिओ फिरायला लागले, लोक यायला लागले, आणि मी गावी परत आलो. आज माझ्याकडे चार तंबू आहेत, आई आणि बायको मिळून जेवण करतात, पिठलं, भाकरी, आमटी. बहिणीचं लग्न मी कर्ज न काढता केलं. त्यामुळे "लोक येऊच नयेत" असं कुणी शहरातून म्हटलं की मला वाईट वाटतं. आमच्या पोरांनी गोदामातच राहायचं का?

पण तुमच्या काकूंचं वाचलं आणि आमचंही सांगतो. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काजवे, फार तर दोन-तीन आठवडे. ते चमकतात ते मीलनासाठी. एका रात्री शेकडो गाड्या हेडलाईट लावून जंगलात शिरल्या की त्या झाडावरचा उजेड विझतो, मी हे स्वतः बघितलंय, एक अख्खा हिरडा लुकलुकत होता आणि गाडी वळली तशी सगळं झाड काळं पडलं. पाहुणे म्हणाले, संपले वाटतं. आम्ही आता गाड्या गावाबाहेरच थांबवतो, पायी नेतो, टॉर्चला लाल कागद लावतो. थोडे पाहुणे कमी झाले, पण जे आले ते रात्रभर बसून राहिले.

आणि एक, जमीन विकू देऊ नका. रीलनंतर दुसऱ्या वर्षी एजंट येतात. "धबधब्यापासून ५०० मीटर" म्हणून प्लॉट पडतात, आणि मग तुमच्याच गावात तुम्ही दुसऱ्याच्या रिसॉर्टवर वॉचमन. आमच्या शेजारच्या वस्तीत झालंय हे.

फुजीवाली

जपानमधून लिहितेय, नऊ वर्षं इथे आहे. इथलं एक उदाहरण देते. फुजिकावागुचिको गावात लॉसनचं एक दुकान आहे, कुठल्याही नाक्यावर असतं तसं, दूध, ओनिगिरी, छत्र्या मिळणारं. फक्त एका कोनातून बघितलं की त्याच्या छपरावर फुजी पर्वत ठेवल्यासारखा दिसतो. तेवढ्यावर जगभरातून लोक यायला लागले, फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे, समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या आवारात घुसलेले. पाट्या लावल्या, माणसं नेमली, शेवटी मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळं जाळीचं कापड उभं करून तो देखावाच झाकला. मी त्या महिन्यात तिथे होते. कापडाला मोबाईलच्या कॅमेऱ्याएवढी भोकं पाडलेली बघितली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे ते काढलं आणि परत लावलं नाही.

जपानी माणूस तक्रार करत नाही सहसा. त्या गावाला स्वतःचाच डोंगर झाकावासा वाटला, यावरून काय ते समजा. मी तिथे पहिल्यांदा गेले होते ती रील बघूनच. त्यामुळे त्या दवाखान्याबाहेरच्या गर्दीत मी पण होते, हे मला विसरता येत नाही.

सातारकर_मावशी

ग्रामसभेसाठी कास पठाराचं सांगते, आमच्या माहेरचा भाग. कासला गर्दी रील्सच्या आधीपासून, २०१२ ला पश्चिम घाटातल्या जागांबरोबर युनेस्कोच्या यादीत नाव गेलं आणि मग वर्तमानपत्रांतले फोटो, मग मोबाईल. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे हो. मग आसपासच्या गावांच्या वन समित्या आणि वन खातं यांनी मिळून रोज ३००० माणसं एवढी मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग, प्रवेश शुल्क, गाड्या लांब लावायच्या. त्या पैशातून गावातल्या बायकापोरांना हंगामाचं काम मिळतं, स्वच्छतेचं, तिकिटाचं, मार्गदर्शकाचं.

सगळं छान झालं असं म्हणणार नाही. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड झाली, मग कुंपण काढावं लागलं. सांगायचा मुद्दा, गुराख्याला आधी विचारा. तुमच्याकडे वझराची जागा वन खात्याची असेल तर एकटी ग्रामपंचायत काही करू शकणार नाही, वनपालांना शनिवारी बोलवाच, संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का नुसती कागदावर आहे ते बघा.

नकाशा

एक छोटी गोष्ट राहिली. मॅपवर तुमच्या वझराचं नाव काय आहे ते बघितलंत का? आमच्या डोंगरातल्या तीन जागांना कुणीतरी परस्पर इंग्रजी नावं दिलीत, हेवन अमुक, सिक्रेट तमुक. आता आमच्या शाळेतली पोरं पण तेच म्हणतात. मूळ नावात माहिती होती हो. 'बुडीचा डोह' म्हटलं की पोरगं आपोआप लांब राहायचं. त्याला 'ब्लू पूल' म्हटल्यावर उडीच मारणार. मॅपमध्ये नाव दुरुस्तीची सोय असते, गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून सुचवा, चिकाटी लागते पण होतं.

खाचरातला

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रामसभा झाली, नऊ वाजेपर्यंत चालली. इथले प्रतिसाद मी वाचून दाखवले, फाट्यावरच्या दादांचा वाचल्यावर आमच्यातली जी पोरं भजी आणि चहाच्या टपऱ्या लावतात ती पहिल्यांदा बोलली, नाहीतर त्यांना वाटत होतं सगळे त्यांच्यावरच उठलेत. त्यांचा पण महिन्याचा खर्च त्यावर चालतो, खोटं कशाला बोलू.

ठरलं ते असं. लावणी संपेपर्यंत शनिवार-रविवार गाड्या फाट्याच्या माळावरच, गावात फक्त एसटी आणि गावकऱ्यांची वाहनं. माळ ज्यांचा आहे त्यांना पार्किंगच्या पावतीतला वाटा. साकवावर दोन पोरं, एका वेळी दहा माणसं. वनपाल आले होते, समितीचं तीन वर्षं इतिवृत्तच लिहिलेलं नव्हतं, ते परत चालू करणार. वझराखाली कुंडात उतरायला पूर्ण मनाई, कारण उन्हाळ्यात आमचं प्यायचं पाणी तिथलंच आहे, हे किती तरी पर्यटकांना माहीतच नसतं. बंदी घाला म्हणणारे पण होते, आवाज चढले, मतदानापर्यंत गेलं. नावाची दुरुस्ती आम्ही सोळा जणांनी पाठवलीय.

काल पहिला रविवार. माळावर दोनशेच्या वर गाड्या, बरेच जण भांडले, एक जण साखळी काढायला लागला तेव्हा आमच्या आईने त्याला फुटलेला बांध नेऊन दाखवला. तो गप्प झाला आणि चालत गेला. एसटी चार वर्षांत पहिल्यांदा रविवारी वेळेवर फिरून गेली. काकूंचं खाचर आम्ही सगळ्यांनी मिळून लावलं, निम्मं आवण वाया गेलं होतं, बाकीचं शेजारून आणलं. काकू बांधावर पाटावर बसून ओळी वाकड्या जातायत म्हणून ओरडत होत्या.

डोंगरकडा

दादा, आमच्याही गावात असंच सुरू झालंय, यंदा दुसरं वर्ष. माळावर पैसे घेताना पावती कशी केलीत? आमच्या पोरांनी घेतले तर लोक खंडणी म्हणतात.

खाचरातला

आधी ग्रामसभेचा ठराव, तारीख आणि दर त्यात आला पाहिजे. मग तालुक्याच्या प्रेसमधून नंबर घातलेली पावतीपुस्तकं छापा, ग्रामपंचायतीचा शिक्का, दोन प्रती. ठरावाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून नाक्यावर लावा. आणि पैसे घ्यायला एकट्या पोराला बसवू नका, बचत गटातल्या दोन बायका बसवा, आमच्याकडे त्याने फार फरक पडला. ठरावाचा मसुदा हवा असेल तर निरोप करा, पाठवतो.